तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षा बंद करणारे ते कोण?

“आम्हाला न विचारता मिडटर्म आणि फायनल बंद करणारे हे कोण लागून गेले?” न्यू जर्सीतल्या वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत हा प्रश्न मी २०१५पासून ऐकतोय. तेव्हाच्या पालकांनी विचारला तर समजू शकतो. पण ज्यांनी परवा इथे घर घेतलं, ज्यांचं मूल अजून डायपरमध्ये आहे, तेही तितक्याच तावातावाने विचारतात. आधीच्या मालकाने घराबरोबर भांडणही विकलेलं दिसतं. तर एकदाच लिहून टाकतो.

मेयरचा यात काडीचा संबंध नाही. टाऊनशिप, म्हणजे गावचा कारभार, प्रॉपर्टी टॅक्स गोळा करते आणि त्यातला शाळेचा हिस्सा शाळा चालवणाऱ्या स्कूल डिस्ट्रिक्टच्या हवाली करते, एवढंच तिचं काम. स्कूल डिस्ट्रिक्ट हे स्वतंत्र सरकार असतं. न्यू जर्सीत अशी सहाशेच्या आसपास आहेत. आपलं तर दोन गावांचं आणि दोन कौंट्यांतलं: वेस्ट विंडसर मर्सरमध्ये, प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये. इथली मुलं पूर्वी हायस्कूलला प्रिन्स्टनला जायची. १९६९ साली दोन्ही गावांनी मिळून प्रादेशिक डिस्ट्रिक्ट केलं, १९७३ साली स्वतःचं हायस्कूल उघडलं (आजचं साउथ हायस्कूल), आणि १९९७ साली दुसरं, नॉर्थ. डिस्ट्रिक्टच्या निवडून आलेल्या बोर्डावर नऊ जण, लोकसंख्येच्या प्रमाणात वाटलेले: पाच वेस्ट विंडसरचे, चार प्लेन्सबरोचे. मुदत तीन वर्षं, पगार शून्य.

या नऊ जणांना शाळा चालवायचा अधिकार नाही, हे कुणाला पटत नाही. राज्याच्या नीतिसंहितेनुसार त्यांनी धोरण ठरवायचं आणि शाळा नीट चालते ना हे पाहायचं. स्वतः चालवायची नाही. शिक्षक नेमायचा तोही सुपरिंटेंडंटने, म्हणजे डिस्ट्रिक्टच्या मुख्य अधिकाऱ्याने, शिफारस केली तरच. बोर्ड शिफारस नाकारू शकतं, आपला माणूस घुसवू शकत नाही. त्यामुळे “अमुक मेंबर माझ्या ओळखीचा आहे” हे वाक्य इथे फारसं कामाचं नाही. तुम्ही त्याला तक्रार सांगितलीत तर ती सुपरिंटेंडंटकडे पाठवणं त्याला बंधनकारक आहे. तो हात झटकत नसतो, नियम पाळत असतो.

आता २०१५.

त्या वर्षीच्या शरदात सुपरिंटेंडंट डेव्हिड अॅडरहोल्ड यांनी पालकांना सोळा पानी पत्र पाठवलं. डिस्ट्रिक्टमध्ये तेव्हा साधारण ९,७०० मुलं. आदल्या वर्षभरात मिडल आणि हायस्कूलमधल्या १२० मुलांना मानसिक आरोग्य तपासणीसाठी पाठवण्याची शिफारस करावी लागली आणि ४० मुलांना इस्पितळात दाखल करावं लागलं, असं त्यात होतं. जोडीला बदल आले: हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल बंद, काही रात्री होमवर्क नाही, बँड-ऑर्केस्ट्रात जाणं सोपं, आणि चौथी-पाचवीचा वेगवान गणिताचा कार्यक्रम मोडीत. या शेवटच्या बदलानेच आग लागली. त्या वर्गातली ९० टक्के मुलं आशियाई वंशाची होती. डिस्ट्रिक्टमधलं आशियाई मुलांचं प्रमाण २००७मध्ये ४४ टक्के होतं, ते २०१५पर्यंत ६५वर गेलेलं. बघता बघता वाद गणिताचा राहिलाच नाही. एका बाजूला “आमची मुलं मेहनत करतात त्याची शिक्षा आम्हाला”, दुसऱ्या बाजूला “तुमच्या ट्यूशनमुळे आमची मुलं पिचली”. ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने नाताळात बातमी छापली आणि प्लेन्सबरो कुठे आहे ते देशाला कळलं. कळायला नको होतं.

तेव्हा माझं म्हणणं असं होतं की डिस्ट्रिक्टने आपल्या दिरंगाईचं खापर पालकांच्या डोक्यावर फोडलं. समुपदेशक वाढवायचे सोडून परीक्षा काढल्या, आणि परीक्षा काढून दडपण जात नाही. ते फक्त शनिवारच्या खाजगी वर्गात हलतं, आणि ज्याला ती फी परवडत नाही तो मागे राहतो. हे अजूनही खरं वाटतं. पण चाळीस हा आकडा पुढे आला की माझा आवाज खाली येतो. ९,७००मधली चाळीस म्हणजे वर्गांमागे वर्ग मोजत गेलं तर कुठे ना कुठे ओळखीचं मूल निघतंच. “आमच्या वेळी आम्हीही अभ्यास केला, आम्हाला काही झालं नाही,” हे उत्तर त्या आकड्यापुढे टिकत नाही. पण म्हणून चौथीतल्या हुशार मुलाला दोन वर्षं थांबवून ठेवायचं, हेही पटत नाही. तुम्ही मला बाजू निवडायला सांगता. मी निवडत नाही.

पण “न विचारता” हा शब्द मात्र मला मान्य नाही. परीक्षा किती आणि कधी, ही प्रशासनाची बाब, आणि राज्याचा कायदा मिडटर्म सक्तीची करत नाही. अभ्यासक्रमाचं वेगळं आहे. त्याला बोर्डाच्या एकूण सदस्यांपैकी बहुमत लागतं, नाव पुकारून, जाहीर सभेत. म्हणजे नवांपैकी पाच मतं. दोघे गैरहजर असले तरी पाचच. त्याआधी विषय समितीत चर्चेला येतो आणि इतिवृत्तात दोन ओळींत उमटतो. आपण जागे होतो ते व्हॉट्सअॅपवर ओरड झाल्यावर, तेव्हा मतदान त्याच आठवड्यात असतं.

मग बोर्डाच्या सभेत पब्लिक कॉमेंटला, म्हणजे नागरिकांनी बोलायच्या वेळी, वीस जण रांगेत उभे राहतात आणि वीसही जण तेच बोलतात. बोर्ड उत्तर देत नाही म्हणून चिडतात. ती प्रश्नोत्तरं नव्हेतच, ऐकून घेण्याची वेळ आहे. मिनिटं मोजून मिळतात, तेव्हा एकाने आकडे मांडावेत, दुसऱ्याने पर्याय, तिसऱ्याने ठरावाचा क्रमांक सांगून नेमकी मागणी, आणि उरलेल्यांनी नुसतं उभं राहावं. नऊही जणांना एकत्र ईमेल करून उत्तराची वाट पाहू नका. त्याच ईमेलवर पाच जण आपसात चर्चा करू लागले तर ती १९७५च्या खुल्या सभांच्या कायद्याखाली बेकायदा सभा ठरू शकते, म्हणून शहाणा मेंबर गप्प बसतो. कागद हवे असतील तर माहितीसाठी रीतसर अर्ज करा, कामाच्या सात दिवसांत उत्तर द्यावं लागतं. निर्णयच बेकायदा वाटत असेल तर राज्याच्या शिक्षण आयुक्तांकडे नव्वद दिवसांत अपील. पण तिथे “निर्णय चुकीचा आहे” चालत नाही, तो मनमानी आहे हे दाखवावं लागतं.

टॅक्सचंही तसंच. २०१०च्या कायद्यातली दोन टक्के वाढीची मर्यादा डिस्ट्रिक्टच्या एकूण करवसुलीवर आहे, तुमच्या बिलावर नाही. त्याला अपवाद आहेत, शिवाय दोन गावांतली वाटणी मालमत्तांच्या समायोजित (बाजारभावाशी जुळवलेल्या) किमतीवर होते. एका गावाची किंमत फुगली की त्याचा वाटा वाढतो, मग बजेट आहे तिथेच असलं तरी. तक्रारी ऑगस्टचं बिल आलं की सुरू होतात. बजेटची जाहीर सुनावणी वसंतात होऊन गेलेली असते, आणि मर्यादेतलं बजेट मतदानाला येतच नाही. बोर्डाची निवडणूक नोव्हेंबरात नेली त्याच्या बदल्यात २०१२पासून बजेटवरचं ते मत गेलं.

राहता राहिलं बोर्डाच्या निवडणुकीतलं मत. एच-वन-बीवाल्याला नाही, ग्रीन कार्डवाल्यालाही नाही. टॅक्स मात्र पैन् पै सारखाच. मूल शाळेत असताना बापाला मत नाही, आणि नागरिकत्व मिळेपर्यंत मूल कॉलेजात, असं ज्यांचं होतं त्यांच्या रागाला माझ्याकडे खरंच उत्तर नाही.

जे नागरिक आहेत त्यांना मात्र सवलत देणार नाही. निवडणुकीला उभं राहायला डिस्ट्रिक्टमध्ये एक वर्षाचं वास्तव्य आणि मतदार यादीत नाव हवं. शिवाय मतदारांच्या ठरावीक सह्या, त्यातली एक तुमचीच चालते. अर्ज कौंटी क्लार्ककडे, जुलैच्या शेवटच्या सोमवारी दुपारी चारच्या आत. नेमकी त्याच सुमारास आपली अर्धी मंडळी पुण्या-नाशकात सुट्टीवर असतात, तेव्हा सह्या जूनमध्येच गोळा करा. आणि मोजून तेवढ्याच घेऊ नका, जास्तीच्या घ्या. एखादा मतदार दुसऱ्याच गावचा निघाला की सही बाद. वर्षाला साधारण तीन जागा निघतात आणि लागतात पाच मतं, म्हणजे बोर्ड फिरवायला निदान दोन वर्षांच्या निवडणुका.