मनगटावरचा चंद्र

महागड्या घड्याळांमधलं मला सगळ्यांत गमतीचं काय वाटत असेल, तर तो त्यातला चंद्र. तबकडीवर एक छोटी कमानदार खिडकी असते, तिच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन गोल फुगवटे. मागच्या निळ्या चकतीवरचा सोनेरी चंद्र एका फुगवट्याआडून बाहेर पडतो, भरतो आणि दुसऱ्याआड बुडतो. चकतीवर चंद्र दोन, म्हणजे एक गेला की दुसरा हजर. कडेला 59 दाते. रोज एक दाता सरकला की साडेएकोणतीस दिवसांत एक चंद्र पुरा. आकाशातला चंद्र मात्र दर महिन्याला आणखी पाऊण तास लावतो. ही थकबाकी साठत साठत अडीच-पावणेतीन वर्षांत एका दिवसाची होते. मग मालकाने कडेचं बारीक बटण टोकदार काडीने दाबायचं आणि चंद्राला ताळ्यावर आणायचं.

स्वित्झर्लंडच्या कारागिरांना एवढीशी चूकही खपेना. त्यांनी 135 दात्यांचं चाक बसवलं, तेव्हा एक दिवस चुकायला 122 वर्षं लागू लागली. तरी समाधान नाही. 2024 मध्ये आयडब्ल्यूसी कंपनीने असं घड्याळ आणलं, की गणिताप्रमाणे त्यातला चंद्र साडेचार कोटी वर्षांत एक दिवस चुकेल. तक्रार घेऊन कोण जाणार आहे म्हणा!

आमच्या दापोली तालुक्यात हर्णैच्या बंदरावर मासळीच्या संध्याकाळच्या लिलावाला गेलात, तर चंद्राचा हिशेब तिथे तोंडी चालतो. टोपल्यांशेजारी उकिडव्या बसलेल्या म्हाताऱ्याला विचारा, पाणी कधी भरणार? तो हातातल्या घड्याळाकडे बघतसुद्धा नाही. ‘आज पाचम ना? पावनेचारला.’ तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा. गावागावाप्रमाणे थोडं मागेपुढे होतं, तेही त्यांना पाठ असतं. उधाण म्हणजे मोठी भरती कधी, भांग म्हणजे लहान भरती कधी, हे तर पोरंही सांगतील.

इथे असं म्हणून टाकायचा मोह होतो, की बघा, लाखो रुपयांच्या घड्याळाचं काम आमचा म्हातारा फुकटात करतो. पण ती टाळी स्वस्तातली झाली. घड्याळाला अचूकतेची हाव मुळात समुद्रानेच लावली. भर दर्यात आपण पूर्व-पश्चिम नेमके कुठे आहोत हे कळायला बरोबर वेळ लागायची. चार सेकंद चुकले की विषुववृत्तावर जहाज एक सागरी मैल इकडचं तिकडे. ब्रिटिश संसदेने 1714 मध्ये त्यासाठी 20,000 पौंडांपर्यंतचं बक्षीस लावलं. मोठमोठे विद्वान आकाशाकडे डोळे लावून बसले, आणि उत्तर काढलं जॉन हॅरिसन नावाच्या सुताराने. त्याचं चौथं घड्याळ 1761 मध्ये जमैकाला निघालं. 81 दिवसांत, रोजचा ठरलेला फरक वजा जाता, ते मागे पडलं फक्त पाच सेकंद. किनाऱ्यावरच्या माणसाने तरी घड्याळाला नावं ठेवू नयेत.

आणि हौसेच्या घड्याळात आपण पैसे वेळेचे मोजत नाही, हातांचे मोजतो. स्वित्झर्लंडच्या ज्युरा पर्वतरांगेतल्या व्हॅले द जू या खोऱ्यात हिवाळाभर बर्फ. शेती बंद पडली की शेतकरी खिडकीशी बसून चाकं आणि स्क्रू घडवायचे, पावसाळ्यात होड्या वर ओढल्यावर आपल्याकडे जाळी दुरुस्त करत बसतात तसे. त्या बैठ्या कामातून जे आलं ते अजून टिकून आहे. यंत्रातल्या पट्ट्यांच्या कडा कानशीने तिरप्या करतात, मग जेंशियन नावाच्या डोंगरी झाडाच्या वाळक्या देठाने घासून आरशासारख्या चमकवतात. आतल्या बाजूचा टोकदार कोपरा आला, की यंत्र हात टेकतं. तिथे माणूसच लागतो. यातलं बरंचसं झाकणाआड जातं, मालकाच्या नजरेला कधी पडतही नाही.

मला सगळ्यांत आवडतात ते निळे स्क्रू. तो रंग लावलेला नसतो. पोलादाचा स्क्रू पितळेच्या भुशावर ठेवून तापवायचा. आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, आणि तीनशे अंशांच्या आसपास तो मोरपंखी निळा होतो. त्या क्षणी उचलला नाही तर राखाडी पडतो, पुन्हा घासून पहिल्यापासून सुरुवात. लोखंडावर लोखंड-प्राणवायूच्या संयुगाचा थर चढवायचं हेच काम कोकणातली खारी हवा आपण होऊन करते, फक्त तिला निळ्यावर थांबता येत नाही.

अशी घड्याळं दुर्मिळ का, तेही या कामावरूनच कळतं. पाटेक फिलिप या स्विस कंपनीचं 2499 हे चंद्र, लीप वर्ष आणि स्टॉपवॉच एकत्र सांभाळणारं मॉडेल 1951 पासून सुमारे 35 वर्षं निघालं, आणि बनली एकूण 349. आमच्या घरात आलं ते वडिलांचं एचएमटी जनता. ना चंद्र, ना तारीख, रोज सकाळी चहाआधी चावी द्यायची. गेल्या जुलैत त्याच्या काचेला आतून वाफ धरली, म्हणून दापोलीच्या बाजारातल्या घड्याळवाल्या काकांकडे नेलं. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, चावी किंचित ओढून बघितली आणि घड्याळ परत माझ्या हातात दिलं.

‘उघडत नाही आत्ता. हवेत पाणी आहे, झाकण लावताना तेच आत कोंडायचं. तांदळाच्या डब्यात ठेवा, दसऱ्याला आणा.’

सहज विचारलं, पन्नास लाखांचं असतं तर?

‘तरी दसऱ्यालाच. आणि ॲडव्हान्स घेतला असता.’