भरती-ओहोटीचा प्रोग्राम, नोंद ७: जुने फ्लॅग आणि होयबा कंपायलर

मंडळी, मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, ‘आता फक्त रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर बिल्ड, म्हणजे कोडचा प्रोग्राम बांधणं, राहिलंय, एका रविवारचं काम.’ तीन रविवार गेले.

नवीन आलेल्यांसाठी: अपोलो बंदरच्या भरतीच्या वेळा काढणारा हा जुना सी प्रोग्राम. चंद्राचा १२.४२ तासांचा घटक, सूर्याचा १२ तासांचा, असे घटक मिळवत जायचे. गणित ठणठणीत आहे. आजारी आहे ती २००३ सालची मेकफाइल, म्हणजे प्रोग्राम कसा बांधायचा त्या आज्ञांची फाइल.

तिच्यात ‘-एमसीपीयू’ हा फ्लॅग, म्हणजे कंपायलरला द्यायचा पर्याय, होता. लॅपटॉपवरचा जीसीसी (कोडचं चालणाऱ्या प्रोग्राममध्ये रूपांतर करणारा कंपायलर) प्रत्येक फाइलमागे कुरकुरायचा की हा पर्याय कालबाह्य झालाय, ‘-एमट्यून’ किंवा ‘-एमआर्च’ द्या. मी ‘सेड’ (मजकूर शोधून बदलणारी आज्ञा) फिरवून सगळीकडे ‘-एमट्यून’ करून टाकलं. कुरकुर थांबली, मी चहा प्यायलो. चूक तिथेच झाली. इंटेलच्या बाजूला ‘-एमसीपीयू’ हे ‘-एमट्यून’चंच जुनं नाव आहे, पण एआरएमवर (पायची चिप याच जातीची) तो जिवंत, कामाचा पर्याय आहे: चिपच्या कुठल्या सूचना वापरायच्या आणि कुठल्या चिपवर वेगाने चालाव्यात म्हणून घोटून घ्यायच्या, दोन्ही तोच ठरवतो. ‘-एमट्यून’ फक्त घोटतो. पायसाठीची ओळही माझ्या ‘सेड’ने बदलली, बिल्ड निमूट झालं आणि मला पत्ताच नाही. लॉग चाळताना योगायोगाने दिसलं.

त्याच पायवर लिंकरने (बांधलेले तुकडे जोडणारा प्रोग्राम) ‘मल्टिपल डेफिनिशन’चा, म्हणजे एकच चल अनेकदा बनवलाय या तक्रारीचा, पाऊस पाडला. लॅपटॉपवर जीसीसी ९, पायवर १०. २०२० च्या या १० पासून ‘-एफनो-कॉमन’ आपोआप लागू असतो, म्हणजे अशी पुनरावृत्ती चालवून घेतली जात नाही. ‘-एफकॉमन’ घातलं की गप्प बसतं, पण दुखणं हेडरमध्ये (अनेक फाइलींत ओढली जाणारी सामाईक फाइल) ‘एक्स्टर्न’ (चल दुसरीकडे बनलाय असं सांगणारा शब्द) न लिहिलेल्या तीन चलांचं होतं. तीन शब्द लिहिले, संपलं.

आता खरी गंमत. ‘मॅक असेल तर हे, लिनक्स असेल तर ते’ अशी यादी ठेवायची नाही, कंपायलरलाच विचारायचं, असं ठरवलं. (पार्ल्याच्या मित्राच्या मॅकवर ‘जीसीसी’ टाइप केलं तरी उठतो तो क्लँग हा दुसराच कंपायलर, त्यामुळे नावावरही भरवसा नाही.) रिकामी फाइल, एक फ्लॅग, चाललं तर ठेवायचा. क्लँगची जुन्या घाटाच्या (कंसात पॅरामीटरांचे प्रकार न लिहिणाऱ्या) फंक्शनांबद्दलची तक्रार दाबणारा ‘-डब्ल्यूनो-डेप्रिकेटेड-नॉन-प्रोटोटाइप’ विचारला, तर लॅपटॉपचा जीसीसी म्हणाला, हो. त्याच्या बापजन्मात हा फ्लॅग नव्हता! न वापरलेल्या एका चलाचा इशारा निघाला, तेव्हा कुठे त्याच्या मागोमाग ‘हा पर्याय ओळखीचा नाही’ असं पुटपुटला. ‘-डब्ल्यूनो-’ने सुरू होणारं काहीही अनोळखी असलं तरी, दुसरा इशारा येईपर्यंत, जीसीसी मुद्दाम गप्प राहतो. म्हणून त्याला ‘नो’ काढून विचारायचं, होकार आला तरच ‘नो’वाला फ्लॅग लावायचा.

क्लँग निदान बोलतो, पण इशाऱ्यावर भागवतो, म्हणून तपासणीत इशाऱ्यालाही चूक धरणारा ‘-डब्ल्यूएरर’ सोबत हवा. विंडोजवरचा एमएसव्हीसी (मायक्रोसॉफ्टचा कंपायलर) ‘डी९००२’ हा इशारा छापतो, अनोळखी पर्यायाकडे दुर्लक्ष करतो आणि वर यशाचा कोड परत देतो. तिथे आउटपुटच वाचावं लागतं. जाता जाता ६४-बिटच्या अडचणी शोधणारा त्याचा ‘/डब्ल्यूपी६४’ही उडवला, २०१३ च्या आवृत्तीतूनच तो गेलाय, आमच्या फाइलमध्ये मात्र अजून ठाण मांडून होता.

एवढं करून लक्षात आलं की ज्या तक्रारीचं तोंड मी दाबतोय ती रास्त आहे. सी भाषेच्या सी२३ या नव्या मानकात जुन्या घाटाची फंक्शनं काढूनच टाकली आहेत आणि जीसीसी १५ मुळात सी२३ धरूनच चालतो. म्हणजे हा फ्लॅगही तात्पुरताच. अशी अकरा फंक्शनं आहेत, चार नव्याने लिहिली. पायवरचा आणि लॅपटॉपवरचा आजच्या भरतीचा आकडा मिनिटापर्यंत जुळतोय. वरळी कोळीवाड्यातला दोस्त विंडोजची फाइल कधी देतोस म्हणून मागे लागलाय. पुढच्या रविवारी मेगाब्लॉक आहे, तेव्हा घरीच बसून उरलेली सात.