जुलैतील सेव्हिल : घड्याळ आणि सावली यांच्या आधाराने

आम्ही नोकरीनिमित्त जर्मनीत राहतो आणि दोघांच्या रजा जुळल्या त्या जुलैतच. त्यामुळे परिचितांनी ऑक्टोबरपर्यंत थांबण्याचा सल्ला देऊनही आम्ही स्पेनमधील सेव्हिल गाठले. माझे बालपण नागपुरात गेल्याने चाळीस अंशांचे भय नव्हते. मात्र येथे ऊन घड्याळाच्या वेगळ्याच वेळी तापते, हे निघण्यापूर्वीच समजून घेणे फार उपयोगी पडले. सेव्हिल ग्रिनिचच्याही पश्चिमेला असून तेथे मध्य युरोपची वेळ पाळतात, शिवाय उन्हाळ्यात घड्याळ आणखी एक तास पुढे असते. परिणामी सूर्य माथ्यावर येतो सुमारे अडीच वाजता, उकाडा पराकोटीला पोहोचतो संध्याकाळी पाच-सहाच्या सुमारास आणि सूर्यास्त होतो पावणेदहाच्या आसपास. दुपारी चारनंतर ऊन उतरेल, ही आपली अपेक्षा तेथे धोक्याची ठरू शकते.

म्हणून पाहण्याची सारी ठिकाणे आम्ही सकाळी ठेवली. आल्कासार राजवाड्याची तिकिटे ऑनलाइन, सकाळच्या पहिल्या वेळेची काढली. चौदाव्या शतकात राजा पेद्रो पहिला याने मुस्लिम कारागिरांच्या शैलीत बांधवून घेतलेल्या महालातून हिंडताना, उष्म्याचा विचार करून किती बारकाईने बांधकाम केले आहे हे जाणवत राहते: अंगणातील हौद, खोल पातळीवर लावलेली बाग, भिंतींवरच्या गार फरशा, कमानींची सलग सावली. हिराल्दा मनोराही आम्ही सकाळीच चढलो. बाराव्या शतकाच्या अखेरीस मशिदीचा मिनार म्हणून उभ्या राहिलेल्या या मनोऱ्यात बहुतेक चढण पायऱ्यांची नसून उताराची आहे, आणि गुडघेदुखी असलेल्या माझ्या पत्नीला ती सहज जमली.

दुपारी मात्र शहर जे करते तेच आम्ही केले. सांता क्रूसच्या गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की समोरासमोरची घरे एकमेकांवर सावली धरतात. सिएर्पेस या बाजाररस्त्यावर तर उन्हाळ्यात छपरापासून छपरापर्यंत कापडी छत ताणलेले असते. अशा सावलीतूनच वाट काढत आम्ही जेवायला जात असू. टोमॅटो, पाव, लसूण आणि ऑलिव्ह तेल यांचे थंडगार, दाट साल्मोरेखो तेथे सर्वत्र मिळते, परंतु त्यावर उकडलेल्या अंड्याबरोबर हॅमचे तुकडे घालण्याची पद्धत असल्याने पत्नी दर वेळी ‘सिन हामोन’, म्हणजे हॅमविना, असे सांगून ते मागवी. त्यानंतर खिडक्यांची झडपे पूर्ण उतरवून वामकुक्षी. एका दुपारी मुक्कामाच्या खोलीतील एसी बंद पडला, तेव्हा जवळच्या विशाल कॅथेड्रलचा आसरा घेतला. कोलंबसाची शवपेटी खांद्यावर वाहणाऱ्या चार राजघोषकांचे पुतळे तेथे निवांतपणे पाहता आले आणि जाड दगडी भिंतींमुळे पत्नीला बरेच बरे वाटले.

हे शहर उष्णतेला किती गांभीर्याने घेते, याचे आणखी एक उदाहरण मला फार महत्त्वाचे वाटते. 2022 मध्ये येथे उष्णतेच्या लाटांना, चक्रीवादळांना देतात तशी, नावे देण्याचा उपक्रम सुरू झाला आणि त्या जुलैतील लाटेला ‘सोए’ हे नाव मिळाले. विदर्भातही उन्हाने माणसे दगावतात. नाव दिलेल्या संकटाची लोक वेळेवर दखल घेतात, असे मला मनापासून वाटते, आणि आपल्याकडेही असा प्रयत्न व्हावा.

रात्री नऊनंतर खरी भटकंती होई. 1929 च्या प्रदर्शनासाठी बांधलेला प्लासा दे एस्पान्याचा अर्धवर्तुळाकार चौक आम्ही मावळतीला पाहिला. नंतर ग्वादाल्किवीर नदीवरचा 1852 चा पूल ओलांडून पलीकडच्या त्रियाना या वस्तीत जेवलो. रात्री अकराला तेथे आजीआजोबा नातवंडांसह चौकात बसलेले असत.

पुढचा टप्पा कोर्दोबाचा होता, वेगवान रेल्वेने सुमारे पाऊण तासाचा. त्याच प्रांतातील ला राम्ब्ला येथे ऑगस्ट 2021 मध्ये 47.6 अंश तापमान नोंदले गेले होते, त्यामुळे तेथेही हाच दिनक्रम ठेवला: मेझकिता, म्हणजे पूर्वी मशीद असलेले कॅथेड्रल, सकाळी, विश्रांती दुपारी आणि रोमन पुलावरचा फेरफटका रात्री.