निळं जाकीट

दर शनिवारी सकाळी सहा ते दहा मी विमानतळावर स्वयंसेवक म्हणून उभी असते. निळं जाकीट दिसलं की लोक थेट येतात. बहुतेकांना स्वच्छतागृह किंवा गेट हवं असतं, ते हात दाखवला की झालं.

खरी गडबड होते ती बोर्डिंग पासवरच्या वेळांची. विमान सुटायची वेळ पाहून लोक निवांत बसतात, पण गेट त्याच्या आधीच बंद होतं. म्हणून मी पेनाने बोर्डिंगच्या वेळेभोवती गोल काढून देते.

गेल्या शनिवारी एक आजी सरकत्या जिन्यासमोर थबकल्या होत्या. पहिलाच विमानप्रवास, तोही एकटीने. हातातल्या तिकिटाचा कागद इतका घड्या घालून ठेवलेला, की घडीवरची अक्षरं पुसली होती. "बाळा, यावर पाय कसा ठेवायचा गं?" मी म्हटलं, "नकाच ठेवू, लिफ्टने जाऊ." गेटपर्यंत त्यांनी माझं मनगट सोडलं नाही.

कुणाच्या गळ्यात सूर्यफुलांची हिरवी पट्टी दिसली, तर मी आवाज खाली आणते आणि घाई करत नाही. न दिसणारं अपंगत्व असलेल्यांसाठीची ही खूण २०१६ मध्ये लंडनच्या गॅटविक विमानतळावर सुरू झाली. ती अजून कितीतरी लोकांना माहीत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

आणि हो, पॉवर बँक चेक-इन बॅगेत टाकू नका. ती सोबतच्या बॅगेतच न्यायची असते. काउंटरसमोर जमिनीवर बॅग उघडून बसलेली माणसं मी दर आठवड्याला बघते.