तुम्ही विचारलंत म्हणून: पोराला मेकॅनिकलला टाकावं का?

दहावीचा निकाल लागला की माझा फोन आठवडाभर थांबत नाही. माजलगावकडून मामा, चुलते, शाळेतले दोस्त, सगळ्यांचं एकच, "पोराला मेकॅनिकलला टाकावं का, नोकरी लागंल का, पगार किती पडंल?" मी संभाजीनगरजवळ वाळूज एमआयडीसीत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत टूलरूमला, म्हणजे साचे (डाय) बनवायच्या-दुरुस्तीच्या विभागात आहे म्हणून मला विचारतात. फोनवर पाच मिनिटात हे सांगून होत नाही, म्हणून लिहूनच काढतो.

टाका, पण दहावीनंतर डिप्लोमाला टाका. हिशोब बघा, अकरावी-बारावीची दोन वर्षं आणि डिग्रीची चार, झाली सहा. डिप्लोमाची तीन आणि मग डिग्रीच्या डायरेक्ट सेकंड इयरला गेलं तर पुढची तीन, हे पण सहाच. पण मधीच घरी अडचण आली, सोयाबीनला भाव मिळाला नाही, बहिणीचं लग्न निघालं, तर डिप्लोमावाल्याकडं नोकरी लागंल असं काहीतरी हातात असतं, नुसत्या बारावीवाल्याकडं नसतं. लातूरला क्लास आणि होस्टेलचे पैसे भरणं ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी हा फरक लई मोठा आहे. फक्त एक, डायरेक्ट सेकंड इयरला गणित जड जातं, एम-थ्रीत (गणिताच्या तिसऱ्या पेपरात) अडकलेली चांगली चांगली पोरं पाहिलीत मी, तेव्हा डिप्लोमा चालू असतानाच गणिताकडं लक्ष ठेवायला सांगा.

आता पगार. मी २००९ ला डिप्लोमा करून इकडं आलो तेव्हा ठेकेदाराच्या रोलवर (म्हणजे हजेरीपटावर नाव कंपनीचं नाही, ठेकेदाराचं) ५,२०० रुपये हातात पडायचे, रांजणगावात एका खोलीत आम्ही पाच जण. दोन वर्षं ठेकेदारानं माझ्या पगारातून पीएफ कापला आणि खात्यात एक रुपया भरला नाही, हे मला आईच्या ऑपरेशनच्या वेळी पैसे काढायला गेलो तेव्हा कळलं. ऑपरेशन उसनवारीवर करावं लागलं. ते आठवलं की अजून जीव जळतो, म्हणून प्रत्येक पोराला सांगतो की पगार किती हे नंतर विचार, आधी विचार रोल कुणाचा, कंपनीचा का ठेकेदाराचा, आणि दर महिन्याला मोबाईलवर पीएफचं पासबुक उघडून बघ. अप्रेंटिस म्हणून घेतलं तर तो पगार नसतो, स्टायपेंड असतो. २०१९ च्या नियमात डिप्लोमाला महिन्याला किमान ८,००० आणि डिग्रीला ९,००० ठरला होता. आणि कंपनीनं वर्षाचं जे पॅकेज सांगितलं त्याला बाराने भागून घरी सांगू नका, त्यात कंपनीच्या वाट्याचा पीएफ, ग्रॅच्युइटी सगळं धरलेलं असतं, हातात कमीच येतं.

पगार वाढतो तो कामानं. आमच्या प्रेसला (पत्रा कापायच्या मशीनला) पीसवर बर, म्हणजे कडेला धारदार कंगोरा, यायला लागली की डिग्रीवाली नवीन पोरं रिपोर्ट लिहितात, पण पंचची (पत्रा कापणाऱ्या भागाची) धार गेली का पंच आणि डायमधली फट, क्लिअरन्स, वाढला हे डाय उघडून ज्याला सांगता येतं त्याला दुसऱ्या कंपनीचा फोन येतोच येतो. ड्रॉइंग वाचता आलं पाहिजे, मायक्रोमीटर (बारीक माप घ्यायचं साधन) हातात बसला पाहिजे, सीएनसीचा (कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा) प्रोग्राम समजला पाहिजे. कॉलेजात हे पुरेसं होत नाही. संभाजीनगरात चिकलठाण्याला इंडो जर्मन टूल रूम ही सरकारी ट्रेनिंगची संस्था आहे, तिथले कोर्स जरूर बघा, मला ते उशिरा कळलं. सरकारी नोकरीच पाहिजे तर एसएससीची (दहावी नव्हे, केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनची) जेई म्हणजे ज्युनिअर इंजिनिअरची परीक्षा आहे, ३५,४०० बेसिकवर सुरुवात, पण जागा थोड्या आणि पोरं लाखात, तेव्हा काम करत करतच अभ्यास केलेला बरा.

संभाजीनगरजवळच्या बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार, त्याचं पण सगळे विचारतात. २०२४ च्या जुलैत टोयोटा किर्लोस्करनं सरकारशी करार केला हे खरं आहे, मलाही आनंद झाला. १९८५ ला बजाज वाळूजला आली आणि तिच्या आजूबाजूला छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या, त्यातल्याच एकीवर माझं घर चालतं. पण करार झाल्यापासून भरती निघेपर्यंत वर्षं जातात, त्या भरवशावर शेत विकून मॅनेजमेंट कोट्यातली सीट घेऊ नका, हात जोडून सांगतो.

परवा चुलतबहिणीनं विचारलं, दादा, मुलीला चालतं का हे. चालतं की. आमच्या क्वालिटीत सीएमएम मशीन (पार्टची अचूक मापं तपासणारं) एक मुलगीच बघते, केजची आहे, तिनं पार्ट नापास केला तर तो पुढं जात नाही. आणि २०२४ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी, ओबीसी मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असंल आणि प्रवेश कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश फेरीतून) असंल तर, इंजिनिअरिंगची शिक्षण फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे. तेवढं उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रिमिलेअर आत्ताच काढून ठेवा, जूनमध्ये तहसीलला रांग असते.