कचरा उचलणारी रोल्स रॉइस आणि कोल्हापूरला गेलेली रोल्स रॉइस

आमच्या फॅमिली ग्रुपवर तो मेसेज परत आलाय. तुम्हालाही आला असेलच. अलवरचे महाराज लंडनला साध्या कपड्यात रोल्स रॉइसच्या शोरूममध्ये जातात, तिथला सेल्समन त्यांना कोणीतरी फाटका माणूस समजून हाकलतो, महाराज हॉटेलवर जाऊन राजेशाही थाटात परत येतात, एका झटक्यात सहा नाहीतर सात गाड्या घेतात (आकडा फॉरवर्डप्रमाणे बदलतो), भारतात आणून थेट म्युनिसिपालिटीला देऊन टाकतात आणि सांगतात, यातून शहराचा कचरा उचला. मग जगभर कंपनीची छी थू, विक्री कोसळली, माफीची तार आली, वर काही गाड्या फुकट. खाली तिरंगा, हात जोडलेले, आणि आमच्या काकांचं "अभिमान आहे".

आता काकांशी ग्रुपवर वाद घालण्यात काही पॉइंट नाही म्हणून इथे लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे हीच्या हीच स्टोरी पतियाळाच्या महाराजांच्या नावाने फिरते, भरतपूरच्या नावाने फिरते, हैदराबादच्या निजामाच्या नावानेही फिरते. चार वेगवेगळ्या राजांचा एकाच कंपनीने एकाच पद्धतीने अपमान केला आणि चौघांनाही बदला घ्यायला कचराच सुचला, असं कसं होईल? आणि ती तार, ती कोणी कधी दाखवलेली नाही. दुसरं, त्या काळात रोल्स रॉइस कंपनी अख्खी गाडी विकतच नव्हती. कंपनी द्यायची इंजिनासकट चासी, म्हणजे चाकांवरचा सांगाडा, आणि वरची बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कोचबिल्डरकडून बनवून घ्यायचा, हूपर, बार्कर, मलिनर वगैरे, त्यात महिने जायचे. म्हणजे भाजी घेतल्यासारखं "त्या सात पॅक करा" म्हणायची सोय तशी कमीच. आणि तिसरं, अलवरच्या ज्या जयसिंग महाराजांच्या नावावर आपण टाळ्या वाजवतोय त्यांचा राज्यकारभार असा होता की शेतकऱ्यांनी उठाव केला आणि १९३३ मध्ये इंग्रजांनी त्यांना राज्याबाहेर काढलं. गाड्यांचा पैसा त्याच शेतकऱ्यांच्या शेतसाऱ्यातून आलेला. त्यात मला अभिमान कुठे बसवायचा तेच कळत नाही.

पण या सगळ्यात मला जास्त राग कशाचा येतो सांगू? या गाडीची आपल्याकडची एक खरी गोष्ट आहे, ती या खोट्यापेक्षा दहापट भारी आहे, त्यात मुंबई आहे, घाट आहेत, कोल्हापूर आहे, मराठी राजा आहे, आणि ती कोणीच फॉरवर्ड करत नाही.

१९०८ साल. कंपनीला तेव्हा जेमतेम दोन वर्षं झालेली. त्यांची ४०/५० हॉर्सपॉवरची गाडी, जिला पुढे सगळे सिल्व्हर घोस्ट म्हणायला लागले, ती बोटीने मुंबईत आणली. नाव ठेवलं 'पर्ल ऑफ द ईस्ट'. आणि तिला उतरवलं मुंबई ते कोल्हापूर अशा रिलायबिलिटी ट्रायलमध्ये. रिलायबिलिटी ट्रायल म्हणजे कोण पहिला येतो ते नाही, कोण न बंद पडता पोचतो ते. जाऊन येऊन सहाशेहून जास्त मैल. आता तुम्ही म्हणाल त्यात काय, आम्ही दर गणपतीत जातो. अहो, तुम्ही सहा लेनच्या हायवेने एसी लावून जाता, तरी खंबाटकीत ट्रक अडकला की ग्रुपवर रडता. हे १९०८ आहे, डांबर नाही, खंडाळ्याच्या घाटात बैलगाड्या आहेत, मध्ये गॅरेज नाही, पेट्रोल पंप नाही, टायर पंक्चर झाला तर काढायचा आणि लावायचा तिथेच धुळीत बसून. आणि युरोपातल्या गाड्यांचा तेव्हा लौकिक असा की चढ आला, ऊन लागलं की रेडिएटर उकळणार. ही गाडी ते सगळं करून आली आणि नाव करून गेली. पुढे ती ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी विकत घेतली.

इथून इथल्या संस्थानिकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या. म्हणजे भारतात रोल्स रॉइसचं नाव झालं ते सोन्याचांदीने नाही, सह्याद्री चढून. हे मला फार आवडतं.

आणि हे अपघाताने झालेलं नाही, कारण कंपनीचा पायाच तसा होता. हेन्री रॉइस हा माणूस वाचा कधीतरी. १८६३ चा जन्म, बाप पिठाच्या गिरणीवाला, धंदा बुडालेला, हा नऊ वर्षांचा असताना बाप गेला, मग पेपर विकले, तारा पोचवल्या, रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये उमेदवारी सुरू केली तर फीचे पैसे संपले म्हणून ती पण अर्धवट. मँचेस्टरला स्वतःचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं वर्कशॉप काढलं, डायनामो आणि क्रेन बनवायचा. एक फ्रेंच डेकॉव्हिल गाडी विकत घेतली, ती काही त्याच्या मनाला पटेना, आवाज करते, नीट चालत नाही, तर या माणसाने ती सोडून स्वतःच एक बनवायला घेतली. १ एप्रिल १९०४ ला त्याची पहिली गाडी वर्कशॉपच्या बाहेर पडली.

आणि दुसरा चार्ल्स रोल्स, एकदम उलटा. लॉर्डचा मुलगा, केंब्रिजचा शिकलेला, लंडनला परदेशी गाड्या विकायचा, रेसिंग, बलून, विमान, जिथे जीव जायची शक्यता तिथे हा हजर. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघं भेटले आणि रोल्सने ठरवलं की तू बनवशील तेवढ्या सगळ्या मी विकतो. पण खरं डोकं म्हणाल तर तिसऱ्याचं, क्लॉड जॉन्सन, रोल्सचा पार्टनर. त्याने एक गाडी चंदेरी रंगवली, नाव दिलं सिल्व्हर घोस्ट, आणि १९०७ मध्ये ऑटोमोबाइल क्लबच्या देखरेखीखाली लंडन-ग्लासगो अशा फेऱ्या मारत १५,००० मैल पळवली. ६२९ मैलांवर एकदा पेट्रोलचा कॉक हादऱ्याने आपोआप बंद झाला म्हणून थांबली, त्यानंतर १४,३७१ मैल गाडी स्वतःहून एकदाही थांबली नाही. शेवटी सगळी खोलून बघितली तर बदलायच्या पार्टचा खर्च दोन पौंडांच्या थोडा वर. आजच्या भाषेत याला मार्केटिंग म्हणतात, पण आधी गाडी तशी पाहिजे ना.

रोल्सला यातलं फारसं उपभोगता आलं नाही. जुलै १९१० मध्ये बोर्नमथला विमान कोसळून गेला, ३२ वर्षांचा होता, इंजिनाच्या विमानाच्या अपघातात मेलेला पहिला ब्रिटिश माणूस. रॉइसची तब्येत १९११ च्या आसपास कामाच्या हट्टापायी पार ढासळली आणि मग १९३३ पर्यंत तो समुद्रकिनारी राहून तिथूनच ड्रॉइंगं पाठवत राहिला, डर्बीच्या कारखान्यापासून लांब. वर्क फ्रॉम होम!

आता बॉनेटवरची ती बाई. स्पिरिट ऑफ एक्स्टसी, १९११, शिल्पकार चार्ल्स साइक्स. तिच्यासाठी मॉडेल म्हणून जिचं नाव घेतलं जातं ती एलिनॉर थॉर्नटन, लॉर्ड मॉन्टेग्यू नावाच्या मोटारवेड्या इंग्रज उमरावाची सेक्रेटरी, आणि नुसती सेक्रेटरी नाही हे त्यांच्या वर्तुळात सगळ्यांना माहीत. १९१५ च्या शेवटी मॉन्टेग्यूला हिंदुस्थानात लष्कराच्या मोटार वाहतुकीचं काम मिळालं आणि ही दोघं निघाली पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीच्या एसएस पर्शिया नावाच्या बोटीने. बोट कुठे येत होती माहितीये? मुंबईला. ३० डिसेंबरला भूमध्य समुद्रात क्रीट बेटाजवळ जर्मन पाणबुडीने टॉर्पेडो मारला, काही मिनिटांत बोट बुडाली, तीनशेच्या वर माणसं गेली. मॉन्टेग्यू वाचला, एलिनॉर गेली. पोचली असती तर बॅलार्ड पिअरच्या बाजूला कुठेतरी उतरली असती. ही पण गोष्ट कोणी फॉरवर्ड करत नाही.

राजेमहाराजांच्या गाड्यांबद्दल पानंच्या पानं लिहिता येतील पण मला त्यात तेवढा रस नाही. शिकारीला सर्चलाइट लावलेल्या, हौद्यासारख्या सीटच्या, चांदीच्या मुठींच्या. निजामाची ती पिवळी थ्रोन कार हैदराबादला चौमहल्ला पॅलेसमध्ये आहे, ऑर्डर दिली सहाव्या निजामाने, गाडी तयार होईपर्यंत तो गेला, आणि पुढच्या काळात ती चालली किती तर काही शे मैल. घाट चढणाऱ्या गाडीचं हे असं झालं की वाईट वाटतं.

आता जरा गंमत. माझ्या ऑफिसमध्ये अर्ध्या लोकांना वाटतं की विमानाचं इंजिन बनवणारी रोल्स रॉइस आणि गाडी बनवणारी रोल्स रॉइस एकच. होती, एकच होती. पण १९७१ मध्ये लॉकहीड या अमेरिकन कंपनीच्या ट्रायस्टार विमानासाठी आरबी२११ नावाचं इंजिन बनवताना खर्च असा हाताबाहेर गेला की फेब्रुवारीत कंपनीने चक्क दिवाळं काढलं. रोल्स रॉइसने! ब्रिटिश सरकारने इंजिनाचा भाग ताब्यात घेतला, गाड्यांचा भाग वेगळा केला, तो १९८० मध्ये व्हिकर्स या ब्रिटिश कंपनीकडे गेला. मग १९९८ मध्ये व्हिकर्सने विकायला काढला, बीएमडब्ल्यू आणि फोक्सवॅगन दोघं जर्मन समोरासमोर, फोक्सवॅगनने ४३ कोटी पौंडांची बोली लावून जिंकलं. इंग्लंडमधल्या क्रू गावचा, जिथे या गाड्या बनायच्या तो कारखाना मिळाला, बॉनेटवरची बाई मिळाली, ती देवळाच्या खांबांसारखी पुढची जाळी मिळाली, बेंटली मिळाली. फक्त एक गोष्ट मिळाली नाही. रोल्स रॉइस हे नाव. कारण नावाची मालकी विमान इंजिनवाल्या कंपनीकडे, आणि त्यांचं बीएमडब्ल्यूशी जमायचं, त्यांनी गाडीपुरतं नाव बीएमडब्ल्यूला देऊन टाकलं ४ कोटी पौंडांत.

म्हणजे एकाकडे बाई आणि जाळी, दुसऱ्याकडे नाव, आणि दोघांनाही एकट्याने गाडी बनवता येईना. गिरगावातल्या चाळीच्या वाटणीत ऐकलेत असले किस्से, एका भावाकडे खोली आणि दुसऱ्याकडे मोरी. शेवटी तडजोड झाली, २००२ संपेपर्यंत फोक्सवॅगनने बनवायच्या, पुढे सगळं बीएमडब्ल्यूचं. त्यांनी इंग्लंडमध्येच गुडवुडला कोरा कारखाना टाकला आणि जानेवारी २००३ ला नवीन फँटम आणली. म्हणून आजची रोल्स रॉइस जुन्या क्रूच्या कारखान्यातून येत नाही, तिथे बेंटली बनते. क्रूचे जुने भक्त आजही म्हणतात आमचीच खरी. मला विचाराल तर फँटमने नाव वाचवलं, नाहीतर नव्वदच्या दशकातल्या त्या गाड्या जुन्या पुण्याईवर चालल्या होत्या.

आता मुंबईत रोल्स म्हटली की लोकांच्या डोळ्यासमोर येतात अँटिलियाच्या बाजूचे ताफे, बिल्डर आणि फिल्मवाले. नाहीतर लग्नाला भाड्याने घेतलेली जुनी पांढरी, नवऱ्याचा फेटा छताला घासतोय. आमच्या ओळखीत एक दादा आहेत, एका मोठ्या घरी ड्रायव्हर, तिथली फँटम तेच चालवतात. त्यांना विचारलं, "दादा, कशी आहे हो चालवायला?" म्हणाले, "चालवायला लोणी आहे, लावायला शिक्षा." पावणेसहा मीटर लांब गाडी, जुन्या बिल्डिंगच्या गेटमधून आत घ्यायची म्हणजे वॉचमन, लिफ्टमन सगळे आरसे बघायला उभे. त्यांना सगळ्यात जास्त कशाचं कौतुक तर दारात लपवलेल्या छत्रीचं, ओली छत्री तशीच आत ढकलायची, पाणी आपोआप खाली जातं. जूनमध्ये मुंबईत याच्यापेक्षा कामाचं फीचर नाही म्हणे. आणि चाकावरचं ते डबल आर, चाक कितीही फिरो, अक्षरं सरळच. मी म्हटलं, साहेब स्वतः कधी चालवतात का? तर हसले नुसते.

कंपनी पूर्वी हॉर्सपॉवर किती हे सांगायचीच नाही, उत्तर असायचं 'पुरेशी'. हा माज मला आवडतो, कारण तो १५,००० मैल पळवल्यानंतरचा आहे. आजकालचा छतात तारे लावण्याचा, हिऱ्याच्या नावाने एसयूव्ही काढण्याचा प्रकार मला तेवढा झेपत नाही, पण विकतंय तेच, कंपनीने २०२३ मध्ये तोपर्यंतच्या कुठल्याही वर्षापेक्षा जास्त, सहा हजारांच्या वर गाड्या विकल्या, तेव्हा माझं कोण ऐकतंय.

त्याच वर्षी स्पेक्टर आली, पूर्ण इलेक्ट्रिक. लोक म्हणाले रोल्स रॉइस इलेक्ट्रिक म्हणजे कलियुग. पण रोल्स स्वतः १९०० साली बोलून गेलाय की इलेक्ट्रिक गाडीला आवाज नाही, वास नाही, चार्जिंगची सोय झाली की ती फार कामाची होईल. आणि रॉइस तर मूळचा डायनामोवाला. अडचण एवढीच की सोय व्हायला सव्वाशे वर्षं गेली आणि आमच्या सोसायटीत अजून झालेलीच नाही, स्कूटरच्या एका चार्जिंग पॉइंटवरून एजीएममध्ये भांडणं चालू आहेत, तिथे स्पेक्टरचं काय घेऊन बसलात.