चौदा दांड्या

जुन्या सामानाच्या गोडाऊनवाल्यांनी खुर्ची दारातल्या उजेडात ओढली, उजव्या हाताखालच्या पहिल्या दांडीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "ही खाच बघा. साहेब इथे कुत्र्याची साखळी अडकवायचा. वर्षानुवर्षं घासून पडलेली खाच आहे. बाकी काही खोटं करता येईल, अशी खूण करता येत नाही."

ती खाच मी केली होती. डिसेंबर २०१९ मध्ये, सांगलीत, माझ्या कारखान्यात बसून.

मी जुनं लाकडी सामान दुरुस्त करते. वडील सुतार, त्यांच्या हाताखाली शिकले. अजूनही लोक विचारतात, "पॉलिश तुम्ही करता ते कळलं, पण सुतारकाम कोण करतं?" तेही मीच करते. अलीकडे आणखी एक काम वाढलंय. जुन्या खुर्च्या, पलंग, संदुका घ्यायच्या असतात आणि पैसे देण्याआधी कुणीतरी जाणत्याने बघावं असं वाटतं, ते मला सोबत नेतात. मोबाइलवर फोटो बघून लाख-दीड लाख पाठवून मोकळे होणारेच जास्त. त्यामुळे कुणी आधी विचारलं तर मी सहसा नाही म्हणत नाही.

साताऱ्यातलं हे जोडपं तसं विचारणारं होतं. दोघंही शिक्षक. शाहूनगरला घर बांधलं, पुढे चांगला ऐसपैस व्हरांडा काढला, आणि तिथे कातीव, म्हणजे लेथवर फिरवून गोल कातलेल्या, दांड्यांच्या जुन्या हातखुर्च्या हव्यात हे बाईंच्या मनात पक्कं होतं. चार खुर्च्यांचे एक लाख चाळीस हजार सांगितले होते. 'महाबळेश्वरच्या बंगल्यातल्या, विलायतेहून आलेल्या, १८८० च्या.' रविवारी सकाळी मी पेठ नाक्यावरून साताऱ्याला गेले. पिशवीत टॉर्च, जाडी मोजायचा व्हर्निअर, भिंग आणि गुडघ्याखाली घालायला पोतं.

या जातीच्या खुर्चीत काय बघायचं असतं ते सांगते. साध्या खुर्चीचे मागचे पाय वर जाऊन पाठ होतात. हिच्यात सगळा भार बैठकीच्या जाड पाटावर. खालून चार पाय त्या पाटात घुसतात, वरून दांड्या घुसतात, आणि दांड्यांच्या डोक्यावर हात आणि पाठ मिळून एक अर्धगोल बसतो. तो अर्धगोल अखंड नसतो. दोन्ही हात मागे येऊन भेटतात आणि त्या सांध्यावर पाठीचा जाड तुकडा चढवलेला असतो. इंग्लंडात हाय वायकोंब गावाच्या आसपास अशा खुर्च्या ढिगाने होत. पाय बीच लाकडाचे, रानातच ओल्या लाकडावर कातलेले, आणि पाट बहुतेक एल्मचा. आपल्याकडे ही धाटणी आली ती सागवानात उतरली. म्हणून सागवानी खुर्ची कुणी 'विलायतेहून आली' म्हणून विकत असेल, तर मला पुढचं ऐकायची गरज वाटत नाही.

मग खुर्ची उलटी करायची. पाटाची खालची बाजू कोरडी, काळपट, पॉलिश न लागलेली असावी. तिथे रंगाचे ओघळ दिसले की समजायचं, कुणीतरी वय चढवलंय. स्टार स्क्रू अलीकडचा, तो दिसला तर कधी आला ते विचारायचं. पुढच्या आडव्या दांडीवर पाय ठेवून झीज होते, हाताच्या टोकाला तळव्याने होते. खोटी झीज करणारा कानस सगळीकडे सारखी फिरवतो. माणूस असा सगळीकडे सारखा बसत नाही. शेवटी व्हर्निअर. लाकूड सुकताना दोन दिशांना वेगवेगळं आकसतं, त्यामुळे गोल कातलेली दांडी काळाने थोडी लंबगोल होते. डोळ्याला दिसत नाही, व्हर्निअरला पाव मिलिमीटर तरी सापडतो.

यातलं काहीच मी केलं नव्हतं अजून. खाच बघितली आणि तशीच पोत्यावर बसले.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. गावभागातल्या एका वकिलांच्या घरात माळ्याखालचं सगळं दिवसेंदिवस पाण्यात राहिलं. वकील आधीच गेलेले. आजी एकट्या. पाणी उतरल्यावर मी गेले तेव्हा या चार खुर्च्यांच्या जागी गाळात रुतलेले पाट, पाय आणि दांड्यांची मोळी होती. सांधे सरसाचे. सरस म्हणजे कातड्या-हाडांचा डिंक, पाण्यात मऊ पडून सुटतो. लाकूड तरंगलं, कपाटाखाली सापडून मोडलं, काही दांड्या दारातून वाहून गेल्या. बत्तीसपैकी अठराच धड मिळाल्या.

त्या दिवसांत रस्त्यारस्त्यावर लोक सामान उन्हात वाळत घालत होते. मी ओरडून ओरडून सांगत होते, सावलीत ठेवा, अंगाअंगाला हवा लागू द्या, महिने लागतील. कोण ऐकतंय? चार दिवसांत शिसवी कपाटांच्या फळ्या फाटल्या. पुराने मोडलं नाही ते उन्हाने मोडलं. पंचनाम्यात आजींच्या नावापुढे 'लाकडी खुर्च्या ४' एवढंच लागलं, फ्रिजच्या खाली.

आजींनी मला एकच सांगितलं. "पूर आला होता हे खुर्चीकडे बघून कळता कामा नये. मला रोज त्याच्यावर बसायचंय."

तीन महिने मी ते लाकूड सावलीत वाळवलं. ओली दांडी खोबणीत फुगते, फुगायला जागा नाही म्हणून तिचे तंतू चेपतात, आणि वाळली की पहिल्यापेक्षा बारीक होऊन ढिली पडते. बरेच जण तिथे भुसा आणि पांढरा सिंथेटिक डिंक कोंबतात. पुढच्या माणसाने ती खुर्ची कधी उघडूच नये असा बंदोबस्त. मी रंध्याने कागदासारखी साल काढली, सरसात भिजवली आणि प्रत्येक कुसूवर, म्हणजे खोबणीत बसणाऱ्या टोकावर, एकेक वेढा दिला. गरम पाणी सोडलं की पुन्हा सुटेल असं.

चौदा नव्या दांड्यांसाठी पुरात पडलेल्या एका वाड्याच्या चौकटीचा सागवान घेतला. मिरजेच्या कातारी चाचांनी त्या कातल्या. चाचांनी उमेद पलंगाच्या खुरांवर आणि लाटण्यांवर घालवलेली, पण जुनी दांडी हातात घेऊन म्हणाले, "ताई, हा कातारी डावरा होता. कडीची, या कातलेल्या वळ्याची, एक बाजू बघा, उतार उलटा आहे." आणि तसाच उलटा उतार त्यांनी चौदाही दांड्यांना आणला. रंग मी जुळवला. सागवानाला हिरड्याचा काढा पाजायचा, वाळू द्यायचा, मग गंजलेल्या खिळ्यांचं पाणी फिरवायचं. हिरड्यातलं तुरट द्रव्य आणि लोखंड मिळून काळोखी धरतं. पहिल्यांदा फार काळं झालं, पुन्हा तासून दुसऱ्यांदा केलं. वरून चपडीचे, म्हणजे लाखेच्या पॉलिशचे, अकरा पातळ हात, आणि कातीव कड्यांच्या खोबणीत मेण आणि काजळी, जिथे पिढ्यांचा मळ साठतो तिथे. इतकं चांगलं काम मी त्याआधी केलं नव्हतं, आणि नंतरही क्वचितच केलं.

खाच सगळ्यात शेवटी. एका खुर्चीची उजवी दांडी वाहून गेली होती. आजी म्हणाल्या, त्या दांडीला खाच होती. पाळण्याची दोरी तिच्यावरून फिरवून घ्यायच्या आणि खुर्चीत बसून, सुपारी कातरत, झोका द्यायच्या. तीन मुलं आणि एक नातू त्या दोरीवर झोपले. खाच किती खोल होती ते त्यांनी मला नखाने दाखवलं. मी सुती दोरीला बारीक काचेची पूड लावली आणि दोन दुपारी दांडीवर ओढत बसले. दोरी वरून येते म्हणून वरची कड जास्त झिजेल, हेसुद्धा सांभाळलं. आजींनी अंगठा फिरवून बघितला आणि काही बोलल्या नाहीत. मला तेवढं पुरलं होतं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. खुर्च्या तेव्हा वर हलवल्या होत्या, वाचल्या. पण आजींना लेकीने पुण्याला नेलं, घर विकलं गेलं. खुर्च्यांचं काय झालं ते मी विचारलं नव्हतं.

आता त्या माझ्यासमोर होत्या, आणि त्या खाचेवर एका साहेबाचा कुत्रा बांधलेला होता.

मी तरी सगळं मोजलं. जुन्या अठरा लंबगोल. चौदा गोल, कारण चौकटीचं लाकूड आधीच मुरलेलं होतं. एका खुर्चीत सहा, एकीत पाच, एकीत तीन, चौथीत एकही नाही. बाईंनी विचारलं, "अँटिक आहेत ना?" पुरावस्तूंचा १९७२ चा कायदा किमान १०० वर्षं म्हणतो. आजींच्या सासऱ्यांनी या घेतल्या तेव्हा आयर्विन पूल नुकताच झाला होता, आणि पूल १९२९ चा. म्हणजे कायद्याच्या हिशेबाने थोड्या कमीच. हे मी सांगितलं. मग चौदा दांड्या सांगितल्या. मग खाच सांगितली. माझी फी त्या दोघांनी दिली होती, त्यामुळे गोडाऊनवाल्यांना बाजूला घेऊन आधी बोलणं मला बरोबर वाटलं नाही.

त्यांचा चेहरा पडला. चार वर्षांत त्यांनी मला पुष्कळ काम दिलंय, आणि पैसे कधी थकवले नाहीत. ते म्हणाले, "ताई, मला कुणी सांगितलं नाही. मी जुन्या म्हणून घेतल्या. मलाही कळलं नाही म्हणजे तुमचं काम किती चोख ते बघा." महाबळेश्वर आणि कुत्रा त्यांना कुणी सांगितला हे मी विचारलं. उत्तर आलं नाही. या धंद्यात वस्तूबरोबर गोष्ट विकली जाते हे मला माहीत आहे. पण ज्या घरात चार मुलं झोपली त्या घराचं नाव पुसून साहेबाचं लावलं की किंमत दुप्पट होते, आणि ती देणारे आपणच असतो, याचा मला राग येतो. तो राग त्या दिवशी माझ्या आवाजात आला असणार.

बाई बराच वेळ त्या खुर्चीत बसून होत्या, अंगठा खाचेवर. मग म्हणाल्या, "डोळ्याला दिसत नाही, हाताला लागत नाही, बसायला मजबूत आहे. मग फरक काय पडला?"

मी काहीतरी बोलले. नवं असेल तर नवं म्हणून विकावं, वगैरे. ते खरं आहे, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. मी ते काम फसवायला केलं नव्हतं. एका बाईला पूर विसरायचा होता म्हणून केलं होतं. तरी काम इतकं बेमालूम करताना, ही खुर्ची उद्या तिच्या हातातून जाईल आणि तेव्हा माझ्या दांडीवर कुणीही काहीही लटकवेल, हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नाही. कुसूच्या टोकावर दुरुस्तीचं वर्ष कोरायला मिनिट लागलं असतं. खोबणीच्या आत, आजींना कधीच दिसलं नसतं. उघडणाऱ्याला मात्र सापडलं असतं. घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी मी आकड्यांचे पंच आणले. आता प्रत्येक नव्या तुकड्याच्या टोकावर वर्ष ठोकते.

खुर्च्या त्यांनी घेतल्या. चारही, नव्वद हजारांना. बाईंची एकच अट होती, प्रत्येक पाटाखाली कागद डकवायचा. कुठल्या दांड्या नव्या, कोणतं लाकूड, कोणता सरस, कुणी कातलं, आणि खाच कशाची. गोडाऊनवाल्यांनी मान हलवली, आणि निघताना मला चहा घ्यायला थांबवलं.

जी खुर्ची पूर्ण जुनी, तिच्यातलीच एक दांडी किंचित हलते आहे. म्हणून येत्या रविवारी सरसाचं भांडं घेऊन पुन्हा साताऱ्याला जायचंय, कागदही तेव्हाच डकवायचे. चारही लिहायला घेतलेत. लाकूड, हिरडा, चपडी, दांड्यांचे आकडे लिहून झाले. खाचेपुढे 'पाळण्याची दोरी' लिहिलं. 'दुरुस्तीचं कारण' असं मी स्वतःच आखलेलं एक घर आहे, त्याच्यापुढे मात्र काही लिहिलेलं नाही. आजींच्या लेकीचा पुण्याचा नंबर माझ्याकडे आहे.